गाठ टोकामुळे पडते

न बांधता गाठ पडेलच कशी? पडते. 2007 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी 30 सेंमी बाजूच्या पेटीत दोरी टाकून ती सेकंदाला एक फेरी या वेगाने दहा वेळा फिरवली. असं 3,415 वेळा केलं. 46 सेंमीपेक्षा आखूड दोरीला गाठ पडली नाही. दीड मीटरपर्यंत शक्यता झपाट्याने चढली आणि पुढे सुमारे 50 टक्क्यांवर थबकली. केसाला किंवा दोऱ्याला गाठी दिसल्या की करणी शोधणाऱ्यांनी आधी डबा हलवून पाहावा.

पेटीत दोरीची वेटोळी एकमेकांना लागून पडतात आणि मोकळं टोक त्यांच्या शेजारीच असतं. प्रत्येक हिसक्याला ते शेजारच्या पदरावरून किंवा खालून सरकतं. असे छेद, म्हणजे एक पदर दुसऱ्यावरून जाण्याच्या जागा, वेणीसारखे साचत जातात. खऱ्या गाठीला किमान तीन छेद लागतात; या प्रयोगात 11 छेदांपर्यंतच्या मिळून 120 जातींच्या गाठी सापडल्या. जात ओळखायला जोन्स बहुपदी ही गाठीवरून काढायची गणिती राशी वापरली: प्रत्येक छेदात कोणता पदर वर आणि छेद डावा की उजवा, एवढ्यावरून ती काढता येते. साध्या, बिनगाठीच्या कड्यासाठी तिचं उत्तर 1 येतं.

म्हणजे दोष टोकाचा. वायर ठेवताना दोन्ही टोकं एकमेकांना चिमट्याने जोडा. पीळ पडेल, गुंता दिसेल, पण नवी गाठ पडणार नाही. ताठ वायरला गाठी कमी पडतात, इतपत ‘टँगल-फ्री’ जाहिरातीत तथ्य आहे. अजिबात पडत नाहीत, हे खोटं.

सोडवताना टोकं ओढू नयेत. घर्षणांक 0.3 असेल तर एका पूर्ण वेढ्यामागे त्याच्या दोन बाजूंच्या ताणांचं गुणोत्तर साडेसहापटीपर्यंत जातं, दोन वेढ्यांत चाळिसाच्या वर. आपण जोर लावतो तो वेढे आवळण्यातच जातो. गुंता टेबलावर पसरा, मधले फास बाहेरच्या दिशेने सैल करा, मग एकच टोक आल्या वाटेने मागे काढा.

जिवाणूचा डीएनए बहुधा बंद कडं असतो, तिथे गुंता सोडवायला टोकच नाही. म्हणून टोपोआयसोमरेज-2 गटातली विकरं डीएनएचे दोन्ही धागे कापतात, दुसरा पदर त्या फटीतून पार करतात आणि कापलेलं पुन्हा जोडतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक नेमकं हे जोडणं अडवतं. तुटलेल्या डीएनएने जिवाणू मरतो.