कळ येण्याआधीचं निदान

चालताना छातीत येणारी आणि थांबल्यावर जाणारी कळ हे वेगळं दुखणं आहे, असं लंडनच्या विल्यम हेबरडेन यांनी १७६८ साली मांडलं. तेव्हा निदानाची भिस्त मुख्यतः रुग्णाच्या सांगण्यावर आणि डॉक्टरच्या नाडीपरीक्षेवर होती. १८१६ मध्ये पॅरिसच्या रने लायनेक यांनी कागदाची सुरळी छातीला लावून पाहिली आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. त्याने झडपांचे बिघाड ऐकू येऊ लागले. मात्र हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या अरुंद होत जातात, ते छातीला नळी लावून कळत नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या लायडनला विलेम आइनथोव्हेन यांनी ईसीजीचं यंत्र बनवलं. वजन सुमारे २७० किलो! रुग्णाने हात-पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं. यंत्र हलवणं अशक्य, म्हणून रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत सुमारे दीड किलोमीटर तारेतून हृदयाचे विद्युत संकेत आणले गेले. १९२४ चं नोबेल त्यांना मिळालं ते योग्यच. पण धमनीत मोठा अडथळा असूनही स्वस्थ पडलेल्या माणसाचा ईसीजी नॉर्मल येऊ शकतो. हृदयाला कामाला लावून पाहायला हवं, या विचारातून स्ट्रेस टेस्ट रुळली. ट्रेडमिलवरची ठरावीक पद्धत रॉबर्ट ब्रूस यांनी १९६३ च्या सुमारास बसवली.

हे सगळं रोग जडल्यानंतरचं. माझ्या मते खरी कलाटणी यंत्राने नाही, नोंदवहीने दिली. वयाबरोबर रक्तदाब वाढायचाच, असं अनेक डॉक्टर मानत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचा रक्तदाब १९४४ मध्येच १८६/१०८ होता. पुढच्या वर्षी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले, त्या दिवशी तो ३००/१९० नोंदला गेला. १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी सुरू झाली. कोणाला पुढे हृदयविकार होतो, हे वर्षानुवर्षं पाहायचं, एवढंच काम. त्यातून वाढता रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही धोक्याची कारणं ठसठशीत झाली. फ्रेमिंगहॅमच्या संशोधकांच्या १९६१ च्या लेखानंतर ‘रिस्क फॅक्टर’ हा शब्द डॉक्टरांच्या तोंडी बसला.

धमन्या प्रत्यक्ष दिसल्या त्या मात्र अपघाताने. १९५८ मध्ये क्लीव्हलँडला मेसन सोन्स तपासणी करत असताना एक्स-रेत दिसणारं रंगद्रव्य चुकून रुग्णाच्या कोरोनरी धमनीत, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत, गेलं. रुग्ण वाचला आणि कोरोनरी अँजिओग्राफीची, म्हणजे या धमन्यांचं एक्स-रे चित्र घेण्याची, वाट खुली झाली. हार्ट अटॅकची शंका आल्यावर आज रक्तातलं ट्रोपोनिन हे प्रथिन मोजतात. हृदयाच्या स्नायूला थोडी इजा झाली तरी ते वाढतं, पण तोवर इजा झालेली असते.

लक्षणं नसताना धमन्यांमधलं कॅल्शियम सीटी स्कॅनवर मोजण्याची आर्थर अ‍ॅगॅट्स्टन यांची पद्धत १९९० ची. तिलाही मर्यादा आहे: स्कोअर शून्य आला तरी कॅल्शियम न साचलेला मऊ थर धमनीत असू शकतो. त्यामुळे नुसत्या स्कोअरवर विसंबून चालत नाही. वय, रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि घरातला हृदयविकार हे प्रश्न डॉक्टर विचारतातच.