ई-चलान आलंय : भरून मोकळं व्हायचं की तक्रार करायची?

पाचशे रुपयांच्या चलानाचा मेसेज आला की काही जण कटकट नको म्हणून लगेच भरतात, काही जण 'बघू पुढं' म्हणून विसरून जातात. दोन्हीच्या आधी चलानाबरोबरचा फोटो उघडून बघा. निर्णय त्या फोटोवरूनच होतो.

फोटो महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान पोर्टलवर किंवा महाट्रॅफिक अॅपवर मिळतो. गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाका (दोन्ही आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर असतात), म्हणजे त्या गाडीवरची सगळी चलानं दिसतात. फोटो मोठा करून नंबर प्लेट एकेक अक्षर वाचा. गाडी कुठली, रंग कुठला, चौक कुठला, वेळ काय हे बघा. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका काकूंच्या पांढऱ्या मोपेडवर चलान आलं होतं आणि फोटोत होती काळी बुलेट. बुलेटच्या प्लेटवर चिखल उडाला होता, त्यामुळं ३ चा ८ वाचला गेला होता. काकू पैसे भरायलाच निघाल्या होत्या. आपल्या गाडीचे पुढून, मागून आणि बाजूनं काढलेले फोटो जोडून अर्ज केला आणि चलान रद्द झालं.

पाचशेसाठी कशाला डोकेफोड, असं वाटणं साहजिक आहे. पण चलान भरणं म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०० नुसार गुन्हा तडजोडीनं मिटवणं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा मिटवलेला गुन्हाही 'आधी केलेला गुन्हा' म्हणून धरला जातो. कलम १७७ खालच्या किरकोळ गुन्ह्याला पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत दंड आहे, पुढच्या वेळी १५०० पर्यंत. म्हणजे न केलेल्या चुकीचे पाचशे भरले, तर पुढची त्याच प्रकारची खरी चूक महागात पडते. हेल्मेटचं प्रकरण आणखी जड आहे. कलम १९४ ड मध्ये दंडासोबत तीन महिने लायसन्स अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. म्हणून चलान खोटं असेल तर रक्कम बघू नका, हरकत घ्याच.

हरकत टिकते ती कागदावर. नंबर चुकीचा वाचला गेला, गाडी त्या वेळी गॅरेजमध्ये होती आणि तारखेची पावती आहे, गाडी चोरीला गेली होती आणि एफआयआर आहे, एकाच घटनेची दोन चलानं आली, ही भक्कम कारणं. 'घाईत होतो', 'दवाखान्यात जायचं होतं', 'सगळेच तिथं लावतात' या कारणांवर चलान रद्द होत नाही. फोटोत तुमचीच गाडी सिग्नलच्या पट्टीपुढं उभी दिसत असेल तर भरून टाका. त्यात कमीपणा काही नाही.

आपल्याकडं नवरात्रात जास्त घोळ होतो. अंबाबाईच्या देवळाभोवती, महाद्वार रोड, भवानी मंडप, बिंदू चौक या भागात वाहतूक वळवली जाते आणि एरवी चालणारं पार्किंग बंद होतं. 'राजपत्रात कुठं आलंय?' हा युक्तिवाद तिथं चालत नाही. कलम ११५ नुसार महिन्याभरापर्यंतच्या निर्बंधाला राजपत्र लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. पण फलक नव्हता किंवा मंडपाच्या कापडाआड झाकला होता, हा मुद्दा मांडता येतो. त्यासाठी जागेचा फोटो त्याच दिवशी काढा, आजूबाजूची दुकानं फ्रेममध्ये येतील असा.

कॅमेऱ्यानं आपोआप पकडलेल्या गुन्ह्यांना केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १६७ अ हा नियम लागतो. घटनेपासून १५ दिवसांत नोटीस पाठवणं, कॅमेरा असल्याचा फलक ठळक लावणं आणि यंत्राचं प्रमाणपत्र दरवर्षी नूतनीकरण करणं हे त्यात आहे. तारखा जुळवून बघा.

तक्रार करायची ती आरसीवर नाव असलेल्या मालकानं. गाडी मुलगा किंवा पाहुणा चालवत असेल तरी नोटीस मालकालाच येते आणि चालक कोण होता हे विचारल्यावर सांगणं कलम १३३ नुसार मालकावर बंधनकारक आहे. गाडी विकली पण नाव बदललं नाही, ही तक्रार फार येते. कायद्याच्या लेखी नाव असेल तोच मालक, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० दिल्याची आरटीओची पोच असेल तर ती जोडा. नुसती स्टॅम्प पेपरवरची विक्री पावती तुम्हाला वाचवेलच असं नाही. ताराबाई पार्कातल्या आरटीओत जाऊन आधी हस्तांतर पूर्ण करा.

कागद फारसे नाहीत : चलानाची प्रत, आरसी, चालकाचं लायसन्स, गाडीचे स्पष्ट फोटो आणि तुमच्या मुद्द्याचा पुरावा. तक्रार पोर्टलवरच चलान क्रमांक टाकून नोंदवता येते. मजकूर थोडक्यात लिहा : 'चलानातील छायाचित्रात काळ्या रंगाची मोटारसायकल दिसते. माझे वाहन पांढरी मोपेड आहे. आरसी व तीन छायाचित्रे जोडली आहेत. चलान रद्द करावे, ही विनंती.' पोलिसांवर राग काढू नका, त्यानं मुद्दा मागं पडतो. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट ठेवा. शहर वाहतूक शाखेत लेखी अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय उठू नका. नोटिशीवरची मुदत चुकवू नका आणि तक्रार चालू असताना पैसे भरू नका, कारण भरले की प्रकरण मिटलं असं धरलं जातं.

तक्रार फेटाळली आणि तुम्ही ठाम असाल तर कोर्ट आहे. समन्स आलं तर कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहून गुन्हा नाकबूल करता येतो. मात्र तारखांना जाणाऱ्या दिवसांचा हिशोब आधी करा. रोजंदारी बुडणार असेल आणि पुरावा निम्माशिम्माच असेल, तर मी तुम्हाला कोर्टात जा असं सांगणार नाही. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

लोकअदालतीची नोटीस आली तर नीट समजून जा. तिथं खरं-खोटं ठरत नाही, दोन्ही बाजूंच्या संमतीनं तडजोड होते आणि त्या निवाड्यावर अपील नाही. चूक झालीच होती आणि थकीत चलानं साठली आहेत, त्यांच्यासाठी ती जागा चांगली. चलानच चुकीचं आहे असं म्हणणाऱ्यानं तिथं सही करू नये.

आणि व्हॉट्सअॅपवर चलान म्हणून एपीके (मोबाइलवर अॅप बसवणारी) फाइल आली तर उघडू नका, ती बँक खातं रिकामं करणाऱ्यांची असते. लिंकवर न जाता पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा, शेवटी 'जीओव्ही डॉट इन' आहे का बघा आणि गाडीचा नंबर टाकून चलान खरंच आहे का तपासा.