प्रथिन बनवत नाही, म्हणून अडगळ?

प्रथिन न बनवणारा डीएनए म्हणजे निव्वळ अडगळ, हे वाक्य अजूनही फिरतंय. सगळाच कामाचा आहे असं नाही. पण १९९३ साली कळलं, की जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या कृमीतला लिन-४ हा जनुक प्रथिन बनवतच नव्हता. त्यातून निघत होता फक्त २२ अक्षरांचा आरएनए!

पेशी हा सूक्ष्म आरएनए थेट छापत नाही. आधी निघतो लांब धागा, केसाच्या पिनेसारखा दुमडलेला. केंद्रकात ड्रोशा हे कापणारं प्रथिन तो छाटतं, बाहेर डायसर हे तसंच दुसरं प्रथिन पुन्हा कापतं. उरलेला तुकडा आर्गोनॉट प्रथिन धरतं आणि त्याच्याशी जुळणारे, प्रथिन बनवण्याचे संदेश दाबतं. या कापाकापीवरही पहारा असतो. लिन-२८ हे प्रथिन लेट-७ या सूक्ष्म आरएनएला पिकूच, म्हणजे पूर्ण तयार होऊच, देत नाही. आणि लेट-७ पिकलाच, तर तो लिन-२८ची निर्मिती रोखून उट्टं काढतो.