खाणावळवाली (गिरणगाव)

मुंबईच्या गिरणगावात गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर दोन वेळचे जेवण रांधून घालणारी बाई. लालबाग, परळ, वरळी, डिलाईल रोड इथल्या चाळींत राहत्या खोलीतच तिची खाणावळ चाले. पाळी सुटली की पोरांची दप्तरे उचलून तिथेच पंगत बसे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला. पुढे गिरण्या वाढल्या, तसे कोकणातून आणि घाटावरून पुरुष एकेकटे येत गेले. बायकापोरे गावी शेतीवर राहिली. गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, एका खोलीत वीस-पंचवीस जण पाळीपाळीने झोपत. वळकटीपुरती जागा मिळे, चुलीपुरती मिळत नसे. त्यांच्या पोटाची सोय बायकांनी केली. त्यांत विधवा होत्या, बदली कामगारांच्या, म्हणजे कायम कामगार गैरहजर असला की तेवढ्यापुरते काम मिळणाऱ्यांच्या, बायका होत्या, गिरणीतून कमी झालेल्याही होत्या. मुंबई प्रांतात १९२९ मध्ये प्रसूती-लाभाचा, म्हणजे बाळंतपणाच्या रजेचे पैसे मालकाने देण्याचा, कायदा झाला. पुढच्या दशकांत गिरण्यांतली बायकांची संख्या उतरत गेली आणि घरी बसून करता येईल असे हे काम उरले.

सकाळच्या पाळीचा डबा वेळेत निघायचा तर तिला पहाटे तीन-चारला उठावे लागे. शिधा वाण्याकडून उधार, मेंबरांचे, म्हणजे महिन्याच्या बोलीवर जेवणाऱ्या कामगारांचे, पैसे पगार झाल्यावर. मेंबर गावी गेला की खाडा धरून तेवढे पैसे कमी. दोन्हीकडची उधारी तिने सांभाळायची, आणि वाण्याचे भागले नाही तर सावकार होताच.

संपांच्या इतिहासात पुढाऱ्यांची नावे असतात, मागण्या असतात, वाटाघाटींच्या तारखा असतात. संपकरी रोज जेवला कुठे, हे त्यात क्वचितच सापडते. १९२८ चा संप जवळजवळ सहा महिने चालला. पगार थांबला तरी भूक थांबत नाही. मेंबराचे ताट चालू ठेवायचे तर तिने आणखी कर्ज काढायचे. कामगार किती दिवस टिकेल, याचा हिशेब युनियनच्या कचेरीइतकाच तिच्या वहीतही होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

१९७३-७४ च्या ४२ दिवसांच्या संपात ही ओढाताण प्रेमाताई पुरव यांनी जवळून पाहिली. मूळच्या गोव्याच्या प्रेमाताई गोवा मुक्तिलढ्यातून आणि नंतर कामगार चळवळीतून घडलेल्या. १९७५ मध्ये त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. बँका राष्ट्रीयीकृत होऊन तेव्हा जेमतेम सहा वर्षे झाली होती. सावकाराच्या दारी उभ्या राहणाऱ्या बाईच्या नावाने बँकेत खाते उघडले जाणे, ही त्या चाळींत मोठीच घटना होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. मेंबर गावी निघून गेले, पुष्कळसे परतले नाहीत, आणि त्यांच्याबरोबर खाणावळीही आटल्या.

गिरण्यांच्या जमिनींवरील घरांसाठी २०१२ पासून सोडती निघाल्या. पात्रता ठरली १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांची आणि त्यांच्या वारसांची. खाणावळवालीचे नाव कुठल्याच पटावर नव्हते.