‘रिमास्टर्ड’ आणि ‘रिस्टोअर्ड’: वेष्टनावरचे दोन शब्द

गेल्या महिन्यात भाचीने मला दोन डिस्कच्या वेष्टनांचे फोटो पाठवले. तिला जुन्या चित्रपटांची नुकतीच गोडी लागली आहे आणि खाऊचे पैसे साठवून ती एकेक ब्लू-रे घेते आहे. खाली प्रश्न होता, “मामा, एकावर ‘४के रिमास्टर्ड’ आहे, दुसऱ्यावर ‘४के रिस्टोअर्ड’. एकच ना दोन्ही? मग स्वस्तातली घेते.” फोनवर समजावायला गेलो, अर्धा तास गेला, तरी मनासारखं सांगता आलं नाही. म्हणून हे नीट लिहून काढतो आहे. हा घोळ तिचा एकटीचा नाही. वीस वर्षं डिस्क जमवणारी माणसंही हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात.

आधी माझ्या कपाटातली एक डीव्हीडी. प्रभातच्या काळातला कृष्णधवल चित्रपट, वेष्टनावर ठळक अक्षरांत ‘डिजिटली रिमास्टर्ड’. मोठ्या हौसेने घरी आणली, आईला शेजारी बसवून लावली. पडद्यावर अभंग म्हणणारा माणूस आला तो पागोटं अर्धं कापलेला. चिपळ्या धरलेले हात खाली चौकटीच्या बाहेर. जुनं चौकोनी चित्र टीव्हीच्या रुंद पडद्यात ठासून बसावं म्हणून वरून आणि खालून छाटून टाकलं होतं. ओरखडे होते तसेच होते, फक्त काळं जास्त काळं आणि पांढरं जास्त पांढरं केलेलं. आई म्हणाली, “आम्ही पाहिला तेव्हा याचं डोकं दिसत होतं.” वेष्टनावरचा शब्द मात्र खोटा नव्हता. रिमास्टर झालंच होतं.

मास्टर म्हणजे ज्या एका अंतिम प्रतीवरून सगळ्या डिस्क छापल्या जातात ती प्रत. ती नव्याने तयार केली की झालं रिमास्टर. ती कशावरून तयार केली याबद्दल हा शब्द अवाक्षर काढत नाही. उत्तम निगेटिव्हवरून केली असेल, चित्रपटगृहांत दोनशे वेळा फिरून झिजलेल्या प्रिंटवरून केली असेल, किंवा टीव्हीसाठी कधीकाळी काढलेल्या व्हिडिओ टेपवरूनही केली असेल. रंग, उजेड, आवाज हे सगळं पुन्हा लावलं, नवी फाइल बनवली, की शब्द छापायला मोकळे.

रिस्टोरेशनची सुरुवात त्याच्या कितीतरी आधी होते, आणि पहिला प्रश्न असतो: या चित्रपटाचं जगात उरलंय काय? कॅमेऱ्यातून निघालेली मूळ निगेटिव्ह, तिच्यावरून काढलेली मास्टर पॉझिटिव्ह, तिच्यावरून दुय्यम निगेटिव्ह आणि मग चित्रपटगृहात जाणारी प्रिंट अशी ही वंशावळ असते. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसं प्रत्येक पिढीत काहीतरी गळतं. सावलीतला तपशील बुजतो, कडा मऊ पडतात. रिस्टोरेशन करणारे लोक देशोदेशींच्या संग्रहालयांतून यातलं जे जे सापडेल ते गोळा करतात, शॉटमागून शॉट ताडून पाहतात, कुठला तुकडा कुठल्या प्रतीत सर्वांत धड आहे ते ठरवतात आणि फाटलेली फिल्म हाताने सांधतात. स्कॅनिंग त्यानंतर. आणि संगणकावर डाग पुसणं, जे आपल्याला सगळ्यात आधी डोळ्यांत भरतं, ते सगळ्यात शेवटी.

मराठी माणसाला हे समजायला फार लांब जायला नको. शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. तीनशे वर्षांच्या नकलानकलीत शिरलेले पाठभेद काढून मूळ ग्रंथ जसा होता तसा समोर ठेवायचा, हा त्यांचा ध्यास. आणि त्यांनी निक्षून सांगितलं की यात जो स्वतःची ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असं समजावं. रिस्टोरेशन म्हणतात ते हे. तोच ग्रंथ नव्या टाइपात, चांगल्या कागदावर, सुबक बांधणीत पुन्हा छापणं हेही चांगलं काम आहे, पण ते निराळं काम आहे.

रिस्टोरेशन कुठवर जाऊ शकतं हे पाहायचं असेल तर सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीकडे पाहावं. १९९२ मध्ये राय यांना ऑस्कर अकादमीने सन्मानित केलं आणि त्या वर्षी एप्रिलमध्ये ते गेले. त्यांच्या चित्रपटांच्या जतनाचं काम ठरलं आणि मूळ निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन लॅबमध्ये पोचल्या. जुलै १९९३ मध्ये त्या लॅबला आग लागली. जळून, वितळून, एकमेकांना चिकटून जे उरलं ते अकादमीच्या संग्रहालयाने टाकून दिलं नाही. कुठल्याही यंत्रावर चढणार नाही अशी ती रिळं जवळजवळ वीस वर्षं जपून ठेवली.

२०१३ मध्ये क्रायटेरियन ही जुन्या चित्रपटांच्या डिस्क काढणारी अमेरिकी कंपनी आणि अकादमीचं संग्रहालय (अकादमी फिल्म आर्काइव्ह) यांनी ती पुन्हा उघडली आणि इटलीतल्या बोलोन्या शहरातल्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेत पाठवली. तिथल्या कारागिरांनी सुकून कडक झालेल्या फिल्मला आधी ओलावा देऊन लवचीक केलं. वितळलेली टेप आणि डिंक खरवडून काढला. फिल्मच्या कडेला यंत्राचे दात अडकायला भोकं असतात, ती जळून गेली होती. ती एकेक करून हाताने पुन्हा बांधली. जवळजवळ हजार तास निव्वळ हातकाम. एवढं करून ‘पथेर पांचाली’ची सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’ची ६० टक्क्यांहून जास्त मूळ निगेटिव्ह वापरता आली. ‘अपूर संसार’ची काहीच वापरता आली नाही. उरलेल्या भागांसाठी आणि तो आख्खा तिसरा चित्रपट उभा करण्यासाठी इतर संग्रहालयांतल्या मास्टर पॉझिटिव्ह आणि दुय्यम निगेटिव्ह शोधाव्या लागल्या. मे २०१५ मध्ये न्यूयॉर्कला तिन्ही चित्रपट पुन्हा पडद्यावर आले.

माझ्याकडे ‘पथेर पांचाली’ची जुनी डीव्हीडी आहे आणि हा नवा संचही आहे. अपू आणि दुर्गा आगगाडी पाहायला निघतात तिथे दोन्ही थांबवून पाहिल्या. जुन्या डिस्कवर काश गवताची फुलं म्हणजे पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागातला पांढरा धूर. नव्या डिस्कवर तुरा न् तुरा सुटा दिसतो, वाऱ्याने कुठला कुठे झुकलाय ते कळतं. चित्रपटातल्या म्हाताऱ्या आत्याच्या, इंदिर ठाकरूणच्या, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या इतक्या जवळ येतात की मी पहिल्यांदा पाहताना डिस्क थांबवून नुसता बसून राहिलो. ही निगेटिव्ह आगीतून आलेली आहे हे विसरायला होतं.

पण ‘रिस्टोअर्ड म्हणजे लख्ख’ असं मनात पक्कं करू नका. फ्रिट्झ लांगचा १९२७ चा ‘मेट्रोपोलिस’ पहिल्या प्रदर्शनानंतर कापला गेला आणि कापलेला भाग कायमचा गेला असं सगळे धरून चालले होते. २००८ मध्ये ब्वेनोस आयरेसच्या चित्रपट संग्रहालयात त्याची १६ मिमीची जवळपास पूर्ण प्रत सापडली. तिच्यातून सुमारे २५ मिनिटं मिळाली आणि २०१० मध्ये ती जोडून चित्रपट पुन्हा दाखवला. ही २५ मिनिटं ओरखड्यांनी अक्षरशः भरलेली आहेत, चित्राची एक बाजूही थोडी गेलेली आहे. स्वच्छ चित्र चालू असताना अचानक पावसाची झड यावी तसं दिसतं. रिस्टोरेशन करणाऱ्यांनी ते लपवलं नाही, गेलेली कडा मोकळी ठेवली. भाग कुठून आला हे पाहणाऱ्याला कळतं. दिसायला ही डिस्क डागाळलेली आहे आणि तरी रिस्टोरेशनचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

रिमास्टर हलकं असंही नाही. ज्याची निगेटिव्ह धड आहे, रंग उडालेले नाहीत, अशा चित्रपटाला नवा स्कॅन आणि जाणत्या माणसाने केलेलं ग्रेडिंग, म्हणजे रंग-उजेडाची जुळवणी, एवढं पुरे. अशा कितीतरी ‘रिमास्टर्ड’ डिस्क मी डोळे मिटून सुचवतो. बिघडतं ते चकचकीत करण्याच्या हव्यासाने. फिल्मवर ग्रेन असतो, बारीक रवाळ पोत. तो काही धूळ नव्हे. चित्र त्या कणांनीच बनलेलं असतं. सॉफ्टवेअरने तो घासून काढला की त्याबरोबर कातडीची रंध्रं, कापडाची वीण सगळं जातं. १९८७ च्या ‘प्रेडेटर’ची २०१० ची ब्लू-रे यासाठी संग्राहकांत बदनाम आहे. जंगलात घामाने निथळणारी माणसं त्यात मेणाच्या बाहुल्यांसारखी दिसतात.

आता जरा अवघड जागा. वेष्टनावर ‘रिस्टोअर्ड’ लिहिलेलं असतं, मूळ निगेटिव्हवरून काम झालेलं असतं, स्वतः दिग्दर्शक शेजारी बसलेला असतो आणि तरी चित्रपट जुना राहत नाही. हाँगकाँगचा दिग्दर्शक वाँग कार-वाईच्या चित्रपटांचा २०२१ चा संच असा आहे. ‘इन द मूड फॉर लव्ह’च्या रंगांत हिरवट झाक आली, ‘फॉलन एंजल्स’ची चौकट मूळपेक्षा रुंद झाली. हे त्याने जाणूनबुजून केलं आणि तसं उघड सांगितलंही. चित्रपट त्याचा, हक्क त्याचा. पण २००० साली लोकांनी जे पाहिलं ते पाहायचं असेल तर त्यासाठी आधीची डिस्कच हवी. माझी जुनी प्रत मी कुणाला देणार नाही. नवी घेणाऱ्यालाही मी सांगतो की जुनी विकू नका. ओवी कवीनेच घातली असली तरी पाठ बदललाच.

‘मुगल-ए-आझम’ २००४ मध्ये संपूर्ण रंगीत करून आला, तो तर या दोन्हींत बसत नाही. ते रंगवणं. त्याला रिस्टोरेशन म्हणू नये.

आपल्याकडचं सांगायचं तर ‘मंथन’. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून उभा केलेला, स्मिता पाटीलचा १९७६ चा चित्रपट. त्याची मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात होती. चित्र तिच्यावरून घेतलं आणि आवाज मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनकडच्या प्रिंटवरून. म्हणजे चित्र एका ठिकाणचं, ध्वनी दुसऱ्या ठिकाणचा. मे २०२४ मध्ये तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात दाखवला आणि पाठोपाठ आपल्या चित्रपटगृहांतही लागला. पण जुन्या मराठी चित्रपटांबद्दल मनात कायम धाकधूक असते. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट रिळांच्या, म्हणजे चटकन पेट घेणाऱ्या जुन्या फिल्मच्या, कोठाराला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह कितीतरी मूळ रिळं गेली. ज्यांची मूळ रिळं राहिली नाहीत त्यांच्या बाबतीत नंतर काढलेल्या प्रती हाच आधार. त्यामुळे उद्या अशा चित्रपटाची ‘रिमास्टर्ड’ डिस्क कुणी काढली तर मी पहिल्यांदा हेच विचारीन की कुठल्या प्रतीवरून.

हा प्रश्न कुठल्याही डिस्कला लागू आहे आणि त्याचं उत्तर बहुधा आतल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक टाइपात असतं. ‘मूळ ३५ मिमी कॅमेरा निगेटिव्हवरून ४के स्कॅन’ असं लिहिलेलं असेल तर निर्धास्त घ्या. दोन-तीन संग्रहालयांची नावं आणि कुठला भाग कशावरून घेतला याचा हिशेब असेल तर ते खरं रिस्टोरेशन. नुसतं ‘नवं एचडी मास्टर’ असेल आणि पुढे काहीच नसेल तर थांबा, कुणीतरी त्या डिस्कवरून घेतलेला स्क्रीनशॉट आधी पाहा. ‘४के’ म्हणजे आडवे सुमारे चार हजार ठिपके, पण या आकड्याने भुलू नका. तो स्कॅनचा असू शकतो, डिस्कचा असेलच असं नाही. अपू त्रयीचं काम ४के मध्ये झालं, पण २०१५ ची ती ब्लू-रे १०८० ओळींचीच आहे आणि त्यात काही फसवणूक नाही. परदेशातून मागवताना रीजन, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते, पाहायला विसरू नका. अमेरिकेच्या ब्लू-रे बहुतेक ए रीजनच्या, ब्रिटनच्या बी, आपले प्लेअर सी. ४के यूएचडी डिस्कला ही अडचण नाही.

भाचीने पाठवलेल्या दोन्ही वेष्टनांच्या मागच्या बाजूचे फोटो मी मागवून घेतले. ‘रिमास्टर्ड’वाल्या डिस्कवर मूळ निगेटिव्हचा स्पष्ट उल्लेख होता, ‘रिस्टोअर्ड’वाल्या डिस्कवर कशाचाच नव्हता. तिला पहिलीच घ्यायला सांगितली. स्वस्तातलीही तीच होती.