किडनीचा विकार आणि चॉकलेटची वडी

परळच्या मोठ्या रुग्णालयांबाहेर भेटीच्या वेळेला शहाळीवाल्याच्या गाडीभोवती गर्दी होते. आजाऱ्याला शहाळे न्यायचे, ही मुंबईतली जुनी रीत. पण भेटायचे तो डायलिसिसवर असेल, तर त्याच्या हातातली चॉकलेटची वडी काढून घेऊन शहाळे पुढे करणारा नातेवाईक हिशेबात चुकतो. पेलाभर, म्हणजे 240 मिलीलिटर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे 600 मिलीग्रॅम पोटॅशियम असते. मिल्क चॉकलेटच्या 10 ग्रॅमच्या तुकड्यात जेमतेम 40.

पोटॅशियमचा मुद्दा एवढा महत्त्वाचा, कारण अन्नातून आलेले जास्तीचे पोटॅशियम शरीराबाहेर टाकण्याचे काम मुख्यतः मूत्रपिंडेच करतात. ती थकली की ते रक्तात साचते, आणि त्याची पातळी फार वाढल्यास हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकते. रक्तदाबासाठी आणि किडनीच्या रक्षणासाठी दिल्या जाणाऱ्या टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिलसारख्या औषधांनीही ही पातळी थोडी चढते. आजार सुरुवातीच्या टप्प्यात असेल आणि रक्ततपासणीत पोटॅशियम ठीक असेल, तर मात्र ते बहुधा मर्यादित करावे लागत नाही. शेजाऱ्याचा पथ्याचा कागद आपल्याला लागू पडत नाही, तो याचसाठी.

‘डार्क चॉकलेट हृदयाला चांगले’ हे वाक्य इथे उलटू शकते. कोकोचे प्रमाण वाढले की साखर कमी होते हे खरे, पण कोकोबरोबरच पोटॅशियम आणि फॉस्फरसही वाढतात; थकलेल्या मूत्रपिंडांना फॉस्फरसही नीट बाहेर टाकता येत नाही. 70 ते 85 टक्के कोको असलेल्या 100 ग्रॅम चॉकलेटमध्ये सुमारे 700 मिलीग्रॅम पोटॅशियम आणि 300 मिलीग्रॅम फॉस्फरस असतो. मिल्क चॉकलेटमध्ये हे आकडे साधारण 370 आणि 200 आहेत. बदाम घातलेल्या वडीत बदामाचे पोटॅशियम वेगळे मोजावे लागते. शिवाय कोकोमध्ये ऑक्झलेट भरपूर असते, त्यामुळे कॅल्शियम ऑक्झलेटचे मुतखडे वारंवार होणाऱ्यांनी डार्क चॉकलेटबाबत हात आखडताच ठेवावा.

फॉस्फरसमध्ये एक बारकावा आहे. वनस्पतिजन्य पदार्थांतला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगाच्या रूपात अडकलेला असतो आणि तो आतड्यातून पूर्ण शोषला जात नाही. कारखान्यात मिसळलेले फॉस्फेट मात्र जवळजवळ सगळेच रक्तात उतरते. म्हणून निखळ चॉकलेटच्या छोट्या तुकड्यापेक्षा फॉस्फेट मिसळलेल्या चॉकलेटी पेयाची मला अधिक धास्ती वाटते. ज्यांना अन्नातला फॉस्फरस आतड्यातच बांधून ठेवणाऱ्या गोळ्या दिल्या आहेत, त्यांनी त्या कशासोबत आणि किती घ्यायच्या हे चॉकलेटच्या संदर्भातही डॉक्टरांना विचारून घ्यावे.

मधुमेहामुळे किडनी गेलेल्यांची संख्या आपल्याकडे मोठी आहे. त्यांच्यातले काही जण, लोकलच्या गर्दीत साखर उतरली तर असावे म्हणून, खिशात चॉकलेट ठेवतात. ही सवय बदलण्यासारखी आहे: चॉकलेटमधल्या चरबीमुळे साखर रक्तात हळू पोहोचते. अशा वेळी ग्लुकोजची पूड किंवा साधी साखर लवकर काम करते, आणि संत्र्याच्या रसाबरोबर येणारे पोटॅशियमही त्यात नसते.

दुकानात वेष्टनावर पोटॅशियमचा आकडा शोधला तर बहुधा सापडणार नाही, कारण तो छापण्याची आपल्याकडे सक्ती नाही. कोकोची टक्केवारी पाहावी, मग घटकांची यादी. तिथे 338 ते 343 किंवा 450 ते 452 हे क्रमांक दिसले, तर ते फॉस्फेटचे. 501 दिसला, तर ते पोटॅशियम कार्बोनेट, जे कोकोचा आंबटपणा मारण्यासाठी वापरतात.