जरीसाठी जाळलेली पैठणी, नावासाठी जाळलेला कोट

येवल्याची पैठणी विरली, घडीवर चिरत गेली, की पूर्वी जुनी जर घेणाऱ्याला बोलावलं जाई. तो काठ-पदर कापून वजन करी आणि कापड जाळून टाकी. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि बोटाने चुरडेल अशी राख उरते. चांदी मात्र 962 अंशांपर्यंत वितळत नाही, त्यामुळे जरीची चपटी तार राखेत तशीच सापडते. राख धुवायची, तार मुशीत टाकणखाराबरोबर वितळवायची, मग नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकायची. चांदी विरघळते आणि सोनं तळाशी काळपट भुकटी होऊन बसतं. त्या द्रावात तांब्याची पट्टी सोडली की चांदी पट्टीवर धरते. या कामातली तपकिरी वाफ फुफ्फुसं जाळते, म्हणून ते बंद खोलीत कधीच करू नये.

शुद्ध जरीतही सोनं म्हणजे चांदीवरचा मुलामा, वजनाच्या एक टक्क्याच्याही आत. पैसा मिळे तो मुख्यतः चांदीचा. या हिशेबात महाराष्ट्रातल्या कितीतरी जुन्या पैठण्या गेल्या. आज त्यांचं विणकाम पाहायलाही मिळत नाही, आणि हे नुकसान कोणत्याही भावाने भरून येणारं नाही. तरी जाळलं जात होतं ते जुनेर, नेसून झालेलं.

2018 च्या जुलैमध्ये जगापुढे आलं ते याच्या नेमकं उलट होतं. महागडे कोट आणि कपडे विकणाऱ्या ब्रिटनच्या बर्बरी कंपनीच्या वार्षिक अहवालात नोंद होती की मार्च 2018 ला संपलेल्या वर्षात तिने 2.86 कोटी पौंडांचा न विकलेला तयार माल नष्ट केला. त्याआधीची चार वर्षं धरली तर आकडा 9 कोटी पौंडांच्या वर जात होता. 2.86 कोटींपैकी 1.04 कोटींचा माल अत्तर-प्रसाधनांचा होता. तो व्यवसाय दुसऱ्या कंपनीकडे गेल्यामुळे जुना साठा संपवला गेला. जाळताना निघणारी ऊर्जा वापरात आणतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. टीका वाढली आणि सप्टेंबर 2018 मध्ये तिने ही प्रथा थांबवल्याचं जाहीर केलं. त्याच सुमाराला कार्टिए या महागड्या घड्याळ-दागिन्यांच्या ब्रँडची मालकी असलेल्या रिशमाँ समूहाने दुकानदारांकडून न विकलेली जवळपास 48 कोटी युरोंची घड्याळं परत घेतल्याचं पुढे आलं. त्यांतली बरीच सुटी करून सोनं-हिरे परत वापरात आले. घड्याळाची सोन्याची केस वितळवता येते. गॅबर्डिनच्या, म्हणजे घट्ट विणीच्या कापडाच्या, कोटाला मूस नाही.

इथवर गोष्ट कशी आली ते समजायला 1858 पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी चार्ल्स फ्रेडरिक वर्थ या फॅशनकाराने पॅरिसमध्ये आपलं फॅशन हाउस, म्हणजे कपड्यांचं 'घर', उघडलं. तिथे नमुना दाखवला जाई, गिऱ्हाईक माप देई, मग कात्री चाले. उरण्यासारखं फक्त कापड असे, तयार कपडा नसे. 1966 मध्ये फॅशनकार इव्ह सँ लोराँ यांनी रिव्ह गोश नावाने तयार कपड्यांचं दुकान काढलं आणि मोठ्या नावाचा कपडा मापाशिवाय मिळू लागला. इतर घरंही त्याच वाटेने गेली. माप देणारं गिऱ्हाईक गेलं आणि त्याच्या जागी कोणती साइज किती खपेल याचा अंदाज बांधणं आलं. मधल्या काळात पिएर कार्दँ यांच्यासारख्या फॅशनकारांनी आपलं नाव शेकडो वस्तूंना भाड्याने दिलं. नाव सगळीकडे दिसू लागलं आणि त्याचा भाव उतरला. यावरून मोठ्या घरांनी धडा घेतला तो असा: नाव वापरण्याचे परवाने परत घ्या, दुकानं आपली ठेवा, आणि वस्तू कुठे व काय भावाने मिळते यावर हात सोडू नका. स्वस्तात बाहेर जाणारा कोट त्यांना जळालेल्या कोटापेक्षा महाग वाटू लागला, तो तेव्हापासून.

आता दुकानातलं गणित बघा. कोटाचा एक नमुना, तीन रंग, सहा साइज म्हणजे 18 प्रकार. प्रत्येकाचे दोन नग ठेवले तर एका दुकानात 36 कोट, पन्नास दुकानांत 1800. मधल्या साइज पहिल्या महिन्यात जातात. सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत मोठी उरते, सेट तुटतो, आणि तुटलेला सेट मांडणीवर शोभत नाही. कारखान्याला मात्र ऑर्डर सहा-सहा महिने आधी दिलेली असते, कापडाचा किमान लॉट उचलावाच लागतो. उरलेल्या मालावर आधी सेल, मग कर्मचाऱ्यांसाठी विक्री, मग आउटलेट. साधे ब्रँड यापुढे गळ्याजवळचं लेबल कापून माल सरप्लसमध्ये, म्हणजे उरलेल्या मालाच्या बाजारात, सोडतात. तो आपल्याकडे रस्त्यावरच्या हँगरवरही दिसतो. महागडी घरं ही शेवटची पायरी टाळतात.

तोडून परत वापरावं म्हटलं तर काम अवघड. कोटाला बाहेरून लोकर, आत व्हिस्कोजचं अस्तर, मध्ये चिकटवलेलं बकरम, पॉलिएस्टरचा दोरा, धातूची चेन. हे हातानेच सोडवावं लागतं. पानिपतमध्ये जुनी लोकर रंगवार वेगळी करून पिंजतात, पण तंतू आखूड होतो आणि त्याची घोंगडी-ब्लँकेटंच होतात. क्रोमने कमावलेलं चामडं तर नीट नियंत्रण नसलेल्या भट्टीत जाळलं की राखेत विषारी हेक्साव्हॅलंट क्रोमियम तयार होऊ शकतं.

करांचे नियमही दोन बाजूंना ओढतात. अमेरिकेत आयात केलेला माल न वापरता, सरकारी देखरेखीखाली नष्ट केला तर भरलेल्या आयातशुल्काच्या 99 टक्क्यांपर्यंत परतावा मिळू शकतो. आपल्याकडे जीएसटी कायद्याचं कलम 17(5)(h) सांगतं की नष्ट केलेल्या, निर्लेखित केलेल्या (हिशेबातून काढून टाकलेल्या) किंवा भेट दिलेल्या मालावरचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. घेतलं असेल तर उलटवावं लागतं. म्हणजे नाशिकच्या दुकानदाराने पडून राहिलेला माल जाळला काय आणि आश्रमशाळेला फुकट दिला काय, क्रेडिट दोन्हीकडे जातं. जाळण्यावर हा नियम योग्यच आहे, पण दान करणाऱ्यालाही त्याच मापाने मोजणं आम्हाला चुकीचं वाटतं. घटवलेल्या का होईना, पण किमतीला विकलेल्या मालावर तो लागू नाही. म्हणून व्यापारी आधी भाव पाडतो.

फ्रान्सने फेब्रुवारी 2020 मध्ये कायदा करून न विकलेला बिगर-खाद्य माल नष्ट करण्यावर बंदी आणली. कपड्यांना ती 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. युरोपीय संघाचा नियम 18 जुलै 2024 ला अमलात आला. कपडे आणि पादत्राणं नष्ट करण्याची बंदी त्यात मोठ्या कंपन्यांसाठी 19 जुलै 2026 पासून आणि मध्यम कंपन्यांसाठी 2030 पासून ठरवली आहे. बंदी हवीच होती. पण ती साखळीच्या शेवटच्या कडीला लागते. किती कापायचं हे ठरतं पहिल्या कडीला, आणि तिथे बंदी नाही.

येवल्याने ही पहिली कडी फार काळ वेगळी सांभाळली. 17व्या शतकात इथे विणकर वसवण्याचं श्रेय रघुजी नाईक यांना दिलं जातं. रेशीम आज बहुतेक कर्नाटकातून येतं, जर सुरतेहून. पैठणीला साइज नाही, म्हणून सेट तुटत नाही. इसार घेऊन विणलेल्या साडीला गिऱ्हाईक आधीच ठरलेलं. मागावरचा एक ताणा (उभे धागे) संपत आला की नव्या ताण्याचे धागे जुन्या टोकांना पीळ देऊन जोडतात. ही सांधणी झाली की फणी-वही, म्हणजे ज्यांतून ताण्याचा एकेक धागा ओवलेला असतो ते मागाचे भाग, पुन्हा भरावी लागत नाही आणि वाया जाणारं रेशीमही थोडकं राहतं.

आता मात्र दुकानं भरून ठेवायची पद्धत इथेही रुळली आहे. 2020 च्या टाळेबंदीत ऐन लग्नसराई बुडाली, तेव्हा भरलेल्या कपाटात किती भांडवल अडकतं ते दिसलं. त्यात यंत्रमागावरची, उलट बाजूला धागे लोंबणारी नक्कल शेजारीच मांडलेली असते. तिची जर धातूच्या मुलाम्याचं पॉलिएस्टर, म्हणजे जाळून हाती काही लागत नाही.

पडून राहिलेली अस्सल पैठणी बिघडते ती तीन ठिकाणी. घडीवर रेशीम चिरतं, हवेतल्या गंधकाने जर काळवंडते, आणि प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडून डाग पडतात. तिला धुतलेल्या सुती मलमलीत गुंडाळावं, दर तीन महिन्यांनी घडी बदलावी, पदर आतल्या बाजूला घ्यावा, डांबरगोळी जरीला लागू देऊ नये. वर्षभर एकाच घडीत राहिलेली साडी गिऱ्हाइकापुढे उलगडण्याआधी उजेडात धरून घडीची रेघ तपासावी. रेघेवर बारीक भोकं दिसली तर ती साडी पूर्ण भावाने विकू नये.